स्वस्ताईची किंमत कोण देतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महागाईविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या चळवळीला स्वस्ताईविरुद्ध बोलणे अवघड जाते. मुंबईत १९७२ नंतरच्या टंचाईच्या काळात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले. त्यामागची मागणी साधी होती: धान्य, तेल, साखर, रॉकेल सामान्य माणसाला वाजवी दराने मिळाले पाहिजे. त्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्याला उद्या एखाद्या गृहिणीने विचारले, "आमच्या भागात मोठे दुकान उघडले, महिन्याच्या वाणसामानात माझे चार पैसे वाचतात, तुमचा त्याला आक्षेप कशासाठी?" तर त्याच्याजवळ उत्तर असले पाहिजे, आणि ते प्रामाणिक असले पाहिजे. "हा भांडवलदारांचा डाव आहे" एवढे म्हणून तिची वाट अडवता येणार नाही. तिची पिशवी खरी आहे आणि तिचा हिशेबही खरा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेचा अनुभव सर्वांत उपयोगी पडतो. सवलतीच्या दराने सर्व काही एका छपराखाली विकणाऱ्या महाकाय दुकानांचा प्रयोग त्या देशात साठ वर्षांहून अधिक काळ चालला आहे. त्याचे फायदे कोणाच्या पदरात पडले आणि तोटे कोणाच्या, याची नोंद न्यायालयांच्या निकालांत, सरकारी अहवालांत आणि अर्थशास्त्रज्ञांच्या पाहण्यांत आता उपलब्ध आहे. तर्काने जे सांगावे लागले असते ते पुराव्याने सांगता येते.

रॉजर्स गावातील दुकान

अमेरिकेच्या दक्षिण भागात आर्कन्सा नावाचे एक गरीब, शेतीप्रधान राज्य आहे. त्या राज्यातील रॉजर्स या पाच-सहा हजार वस्तीच्या गावात २ जुलै १९६२ रोजी सॅम वॉल्टन या व्यापाऱ्याने 'वॉलमार्ट' नावाचे पहिले दुकान उघडले. त्याच वर्षी केमार्ट आणि टार्गेट ही त्याच धर्तीची दुकानेही निघाली. या दोघांमागे जुन्या, मातबर व्यापारी कंपन्यांचे भांडवल होते. वॉल्टनजवळ तेवढे भांडवल नव्हते. परंतु मोठ्या कंपन्यांनी क्षुल्लक म्हणून सोडून दिलेली लहान गावे त्याने हेरली. नफ्याचे प्रमाण कमी ठेवायचे आणि विक्री प्रचंड वाढवायची. मधले घाऊक व्यापारी टाळून थेट कारखानदाराकडून माल उचलायचा. आधी मध्यवर्ती गोदाम उभारायचे आणि मग तेथून ट्रकने एका दिवसात पोहोचता येईल एवढ्या टापूत दुकाने काढायची, ही त्याची पद्धत होती. १९७० साली कंपनीचे भाग बाजारात आले. १९८८ साली मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या गावी किराणा आणि भाजीपाल्यासह सर्व वस्तू विकणारे पहिले 'सुपरसेंटर' निघाले. १९९२ साली वॉल्टन वारला, तेव्हा त्याची कंपनी अमेरिकेतील सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती झालेली होती. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या हिशेबी वर्षात तिची उलाढाल सुमारे ६८१ अब्ज डॉलर होती. जगभरात तिचे सुमारे २१ लाख नोकर आहेत आणि त्यांपैकी १६ लाख एकट्या अमेरिकेत आहेत. कंपनीचे जवळजवळ निम्मे भाग आजही वॉल्टन कुटुंबाच्या हाती आहेत.

हे सारे केवळ लबाडीने घडले असे म्हणणे चुकीचे होईल. मालाची ने-आण, साठवण आणि नोंद यांत या कंपनीने खरोखर सुधारणा केल्या. कोणत्या दुकानात कोणती वस्तू किती खपली हे गणकयंत्राने रोजच्या रोज मुख्य कचेरीला कळू लागले. माल पडून राहणे, सडणे आणि नाहक हाताळला जाणे कमी झाले. मधल्या दलालांची साखळी तुटली याबद्दल समाजवाद्यांनी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. अशी दुकाने आलेल्या गावांत भाव उतरल्याचे पाहण्यांत आढळले आहे आणि त्याचा लाभ गरीब कुटुंबांनाही झाला आहे.

प्रश्न येथून पुढे सुरू होतो. उतरलेल्या भावाचा एक वाटा उत्तम व्यवस्थेतून आला, हे मान्य. उरलेला वाटा कोणाच्या खिशातून आला? या प्रश्नाची उत्तरे चार आहेत: नोकर, सरकारी तिजोरी, माल बनवणारा आणि गाव.

कामगाराचा वाटा

वॉलमार्टमध्ये कामगाराला कामगार म्हणत नाहीत. 'असोसिएट', म्हणजे सहकारी, हा शब्द तेथे रूढ आहे. या सहकाऱ्यांनी आपली संघटना बांधायचे ठरवले तेव्हा काय झाले, याची दोन उदाहरणे प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

टेक्सास राज्यातील जॅक्सनव्हिल येथील दुकानात मांस कापणाऱ्या दहा कामगारांनी फेब्रुवारी २००० मध्ये मतदान घेतले आणि सातविरुद्ध तीन मतांनी कामगार संघटनेत सामील होण्याचा निर्णय केला. विभाग एवढासा, परंतु त्या कंपनीच्या अमेरिकेतील दुकानात ही अपूर्व गोष्ट होती. दोन आठवड्यांच्या आत कंपनीने जाहीर केले, की यापुढे १८० दुकानांत मांस कापलेच जाणार नाही. ते बाहेरून बांधून येईल. हा निर्णय आधीच ठरला होता, असे कंपनीचे म्हणणे होते. कामगारांना त्यातून जो बोध घ्यायचा तो त्यांनी घेतला.

दुसरे उदाहरण कॅनडातील क्वेबेक प्रांताचे. जोंकिएर येथील दुकानाच्या नोकरांच्या संघटनेला ऑगस्ट २००४ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. वेतनकराराची बोलणी सुरू झाली, ती फिसकटली, प्रकरण लवादाकडे जाण्याच्या बेतात होते. एवढ्यात दुकान पुरेसे चालत नाही असे कारण देऊन कंपनीने ते बंद करण्याची घोषणा केली आणि एप्रिल २००५ अखेर टाळे ठोकले. सुमारे १९० माणसे रस्त्यावर आली. कामगार न्यायालयात गेले. २०१४ च्या जूनमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वेतनकराराची बोलणी चालू असताना कामगारांच्या सेवाशर्ती बदलण्यास कायद्याने जी मनाई केली आहे तिचा या कृतीने भंग झाला. न्याय मिळाला, परंतु नऊ वर्षांनी. आणि ज्या दुकानासाठी तो मागितला होता ते दुकान केव्हाच नाहीसे झाले होते.

संघटना नसलेल्या ठिकाणी काय होते, तेही न्यायालयांच्या कागदांतच नोंदले आहे. हजेरीची वेळ संपल्यावर बिनपगारी काम करून घेणे, जेवणाची व विश्रांतीची सुट्टी न देणे, अशा तक्रारींचे खटले अमेरिकेच्या अनेक राज्यांत उभे राहिले. डिसेंबर २००८ मध्ये अशा ६३ खटल्यांत कंपनीने तडजोड केली आणि ६४ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले. स्त्रियांना पगारात आणि बढतीत डावलले जाते, अशी तक्रार घेऊन बेटी ड्यूक्स या कर्मचारी स्त्रीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दावा लावला. तो सुमारे १५ लाख स्त्रियांच्या वतीने होता. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचविरुद्ध चार अशा बहुमताने ठरवले, की एवढ्या स्त्रियांचा एकत्रित दावा चालू शकत नाही. अन्याय झाला की नाही, याचा निवाडा त्या न्यायालयाने केलाच नाही. एकत्र येण्याचा मार्ग बंद केला, की उरलेले काम आपोआप होते, ही गोष्ट मालकांना कामगारांपेक्षा आधी समजलेली असते.

तिजोरीचा वाटा

दुकानाच्या पगारात घर चालत नाही तेव्हा नोकर काय खातो? अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी आणि औषधोपचारासाठी सरकारी मदत मिळते. सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या विनंतीवरून अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० साली एक पाहणी केली. ज्या राज्यांनी माहिती दिली तेथे या मदतीवर जगणाऱ्या नोकरदारांचे मालक कोण, हे तिने तपासले. मोठ्या मालकांच्या यादीत वॉलमार्टचे नाव अग्रभागी होते. सवलतीचा माल विकणाऱ्या आणि तयार खाद्यपदार्थ विकणाऱ्या इतर कंपन्याही तिच्या सोबतीला होत्या. ही मदत घेणारे कामचुकार आहेत, हा प्रचारही त्या अहवालाने खोटा पाडला. मदत घेणाऱ्या प्रौढ नोकरदारांपैकी सुमारे ७० टक्के माणसे आठवड्याला पूर्णवेळ काम करणारी होती.

याचा अर्थ असा, की मालक अपुरा पगार देतो आणि तूट सरदाराच्या दानधर्माने भरावी तशी ती सरकार भरून काढते. ती भरली जाते करातून, म्हणजे इतर कामगारांनी दिलेल्या पैशातून. शिवाय मदत घेणारा तो नोकर सरकारने दिलेली शिधापत्रिका बहुधा त्याच दुकानाच्या गल्ल्यावर वापरतो. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ओहायो राज्यातील कॅन्टन येथील वॉलमार्टमध्ये नोकरांसाठी काही पेट्या ठेवल्या होत्या. गरजू सहकाऱ्यांना सणाचे जेवण मिळावे म्हणून इतर नोकरांनी त्यांत अन्नपदार्थ टाकावेत, अशी विनंती त्यांवर लिहिली होती. व्यवस्थापकांना ती माणुसकी वाटली. मालकीच्या प्रश्नाकडे पाहायचेच नाही असे ठरवले, की माणुसकीचे रूप असे होते.

माल बनवणाऱ्याचा वाटा

इतका मोठा गिऱ्हाईक मिळाला म्हणून कारखानदार आधी खूष होतो. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येते, की आता दर आपण ठरवत नाही. व्लासिक या लोणच्याच्या प्रसिद्ध कंपनीची हकीकत चार्ल्स फिशमन या पत्रकाराने नोंदवली आहे. काकडीच्या लोणच्याची गॅलनची, म्हणजे पावणेचार लिटरची, बरणी वॉलमार्टने २ डॉलर ९७ सेंटला विकायला ठेवली. खप विलक्षण वाढला. बरणीमागे कारखान्याला सुटे एक-दोन सेंट उरू लागले. लोक मोठी बरणी नेत, बरेचसे लोणचे फेकून देत आणि त्याच कंपनीच्या फायद्याच्या लहान बाटल्या कोणी घेईनासे झाले. दर वाढवून मागितला तर बाकीच्या मालाची खरेदीही बंद होण्याची भीती होती. ती कंपनी २००१ साली दिवाळखोरीत निघाली. त्याला इतरही कारणे होती. परंतु एका गिऱ्हाइकावर जगणाऱ्या उत्पादकाची अवस्था या हकीकतीत स्पष्ट दिसते. भारतातील ऊस किंवा दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

कारखानदार हा दबाव स्वतः सोसत नाही, तो खाली ढकलतो. ढकलता ढकलता तो ढाक्यातल्या शिवणयंत्रापर्यंत पोहोचतो. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी बांगलादेशातील ताझरीन या कपड्यांच्या कारखान्यास आग लागून किमान ११२ कामगार मृत्युमुखी पडले. जळालेल्या इमारतीत वॉलमार्टच्या छापाचे कपडे सापडले. पुरवठादाराने परवानगीवाचून तेथे काम दिले होते, असा खुलासा कंपनीने केला. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार ठार झाले. त्यानंतर अनेक युरोपीय कंपन्यांनी कामगार संघटनांबरोबर कायद्याने बंधनकारक असा सुरक्षिततेचा करार केला. वॉलमार्टने त्यावर सही करण्याचे नाकारले आणि इतर अमेरिकी कंपन्यांबरोबर आपली वेगळी योजना काढली. त्या योजनेत संघटनांना बरोबरीचा अधिकार नव्हता. रॉजर्समधली स्वस्त बंडी आणि ढाक्यातली बंद कुलपे यांच्यातला धागा इतका सरळ आहे.

गावाचा वाटा

आयोवा राज्य विद्यापीठातील केनेथ स्टोन या प्राध्यापकाने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या राज्यातील लहान गावांच्या विक्रीचे आकडे अभ्यासले. मोठे दुकान ज्या गावात येते तेथे आसपासची गर्दी लोटते आणि खाणावळीसारख्या काही व्यवसायांना बरकत येते. पण तोच माल विकणाऱ्या जुन्या दुकानदारांची विक्री घटते. सर्वांत जास्त मार मात्र शेजारच्या त्या लहान गावांना बसतो, जेथे मोठे दुकान आलेलेच नसते. तेथील गिऱ्हाईक निघून जाते, परंतु मोबदल्यात काही येत नाही.

नव्या नोकऱ्या मिळतील, हे आश्वासन प्रत्येक गावाला दिले जाते. न्यूमार्क, झँग आणि सिकारेला या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की वॉलमार्टमधील एक नोकर किरकोळ व्यापारातील सुमारे १.४ नोकरांची जागा घेतो. जिल्ह्यागणिक किरकोळ व्यापारातील सुमारे १५० नोकऱ्या कमी होतात. या विषयावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते नोकऱ्यांत थोडी वाढही होते. परंतु मोठ्या दुकानाने गावाची बेकारी हटवली, असे सिद्ध झालेले नाही. उलट या दुकानांना बोलावण्यासाठी गावांनी आणि राज्यांनीच पैसे मोजले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुड जॉब्स फर्स्ट' या संस्थेच्या अहवालानुसार वॉलमार्टला करमाफी, स्वस्त जमीन, रस्ते अशा रूपाने मिळालेली सार्वजनिक मदत १ अब्ज डॉलरहून अधिक होती. ज्या करातून बाजारपेठेतल्या लहान दुकानदाराचा रस्ता दुरुस्त व्हायचा त्याच करातून त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा वाहनतळ बांधला गेला.

जे दुकान गावाचे नसते ते एक दिवस निघून जाऊ शकते. जानेवारी २०१६ मध्ये वॉलमार्टने जगभरातील २६९ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत अमेरिकेतील १५४ होती. उत्तर कॅरोलायनातील ओरिएंटल या किनाऱ्यावरच्या लहान गावात कंपनीचे दुकान २०१४ साली आले होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललेले गावातले किराणा दुकान २०१५ च्या अखेरीस बंद पडले आणि त्यानंतर काही महिन्यांतच कंपनीनेही आपले दुकान मिटवले. गावात ताजे अन्न आणि औषधे मिळण्याची सोय राहिली नाही. पश्चिम व्हर्जिनियाच्या मॅकडॉवेल जिल्ह्यात, जेथे कोळशाच्या खाणी बंद पडून आधीच दैन्य आलेले आहे, तेथील किंबॉल गावचे मोठे दुकान याच यादीत होते. मुख्य कचेरीत बसून आकड्यांची एक ओळ खोडली गेली. त्या ओळीखाली एका जिल्ह्याचा बाजार होता.

हे अटळ आहे काय?

"काळाचा ओघ कोणी थांबवू शकत नाही," असे यावर सांगितले जाते. जर्मनीचे उदाहरण या म्हणण्याविरुद्ध आहे. १९९७ साली वॉलमार्ट त्या देशात गेली आणि तेथील दुकाने विकत घेऊन तिने व्यवसाय मांडला. नऊ वर्षांनी, २००६ साली, आपली ८५ दुकाने विकून ती परतली. तोटा सुमारे १ अब्ज डॉलरचा झाला. तेथील स्वस्त विक्रीची स्थानिक दुकाने आधीच बलवान होती आणि कंपनीने अनेक व्यवहारी चुकाही केल्या, हे खरे. परंतु त्याबरोबर इतरही गोष्टी होत्या. व्यापारातील नोकरांची संघटना मजबूत होती आणि वेतन करारांनी ठरत होते. खरेदीच्या किमतीहून कमी दराने सतत माल विकून प्रतिस्पर्ध्याला मारण्यास कायद्याची बंदी होती आणि तिचा बडगा तेथील नियामकांनी २००० साली उगारलाही. नोकरांच्या वर्तणुकीचे नियम कामगार मंडळाला न विचारता लादले, तेव्हा न्यायालयाने त्यांतील काही नियम रद्द केले. स्वस्त दुकान जर्मनीत आजही चालते. मात्र त्याला नोकराच्या पगारातून मनमानी कपात करून स्वस्त होता येत नाही.

खुद्द अमेरिकेतही असा कायदा होता. १९३० च्या दशकात ए अँड पी नावाची किराणा दुकानांची साखळी आजच्या वॉलमार्टसारखीच फोफावली होती. तेव्हा १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. मोठ्या गिऱ्हाइकाला केवळ तो मोठा आहे म्हणून पुरवठादाराने खास कमी दर देऊ नये, असा त्याचा आशय होता. तो कायदा रद्द झाला नाही. १९८० नंतर त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबवली गेली. मोठ्या दुकानांच्या भरभराटीचा सुवर्णकाळही नेमका तोच आहे. कायदा झोपवण्याचा निर्णय माणसांनी केला होता, तो काळाने केलेला नव्हता. आणि २०१२ पासून वॉलमार्टच्या नोकरांनी संप आणि निदर्शने सुरू केल्यावर २०१५ साली त्याच कंपनीला किमान वेतन तासाला ९ डॉलरपर्यंत वाढवण्याची घोषणा करावी लागली, हेही विसरता कामा नये.

भारतातील प्रश्न

भारतात ही कंपनी २००७ साली भारती उद्योगसमूहाशी भागीदारी करून आली. २००९ साली अमृतसर येथे तिचे घाऊक विक्रीचे पहिले दुकान निघाले. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय भांडवलाला मुभा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये केला, विरोधामुळे तहकूब केला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा अंमलात आणला. २० सप्टेंबर २०१२ रोजी भारत बंद झाला. डिसेंबरात लोकसभेत विरोधकांचा ठराव २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला. २०१३ साली वॉलमार्ट आणि भारती वेगळे झाले. चळवळीला वाटले, संकट टळले. २०१८ साली त्याच कंपनीने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचे ७७ टक्के भाग घेतले. पुढचे दार अडवून बसलेल्यांच्या मागून ती माजघरात येऊन बसली.

या लढ्यात एक उणीव होती. सारा भर 'परकीय' या शब्दावर राहिला. सवलतीच्या दराची देशी दुकाने तोवर येथे रुजली होती. डीमार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले आणि आज देशात त्याची चारशेहून अधिक दुकाने आहेत. आता तर काही मिनिटांत घरी माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांची गोदामे गल्लीबोळांत उघडली आहेत. पाठीवर पेटी बांधून धावणाऱ्या तरुणाला तर त्या नोकरही म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. आर्कन्सातील 'सहकारी' या शब्दाचाच हा धाकटा भाऊ. भांडवलाचे गोत्र पाहून त्याचा स्वभाव ठरत नाही. विचारायचे ते असे: नोकराचा पगार किती, तास किती, संघटनेचा हक्क आहे की नाही, आणि माल पुरवणाऱ्याला दर काय मिळतो?

हेच प्रश्न कोपऱ्यावरच्या वाण्यालाही विचारले पाहिजेत. किराणा दुकान म्हणजे जणू सद्गुणांचे माहेरघर, असे चित्र रंगवणे चळवळीला शोभणारे नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारा दुकानातला पोऱ्या, मापातली खोट, भेसळ, टंचाईतली साठेबाजी हे याच दुकानांचे जुने रोग आहेत आणि लाटणे मोर्चे निघाले ते काही वॉलमार्टविरुद्ध निघाले नव्हते. २०१७ साली महाराष्ट्राने केलेल्या दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्याने तर दहाहून कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. परंतु दुसरी बाजूही आहे. १९८२ च्या गिरणी संपात कित्येक चाळींतील चुली वाण्याच्या उधारीवर पेटत राहिल्या. त्या वहीत व्याज होते, कधी अपमानही होता. पण ती वही माणूस ओळखत होती. संप चालू आहे म्हणून महिनाभर थांबण्याची सोय गणकयंत्राच्या गल्ल्यावर नसते. म्हणून लहान दुकानदाराला चळवळीने सांगावे: तुझ्या जगण्याच्या हक्कासाठी आम्ही उभे राहू, तुझ्या पोऱ्याच्या पगारासाठी तुझ्यासमोरही उभे राहू.

मग मागायचे काय?

पहिली मागणी वेतनाची. दुकान लहान असो की मोठे, गोदाम असो की घरपोच सेवा, किमान वेतन, कामाचे निश्चित तास, भविष्यनिर्वाह निधी आणि संघटनेचा हक्क सर्वांना लागू झाला पाहिजे. दुसरी मागणी हमालांची. १९६९ चा माथाडी कायदा ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी आहे; रोज वेगळ्या मालकाकडे ओझी वाहणाऱ्या माणसालाही रजा, निधी आणि सुरक्षितता मिळू शकते, हे त्याने दाखवून दिले. नव्या गोदामांत काम करणाऱ्यांना 'माथाडी' या शब्दाच्या बाहेर ठेवण्याची धडपड मालकवर्ग करतो. ती हाणून पाडली पाहिजे. तिसरी मागणी दराची. २००२ च्या स्पर्धा कायद्यात प्रतिस्पर्ध्याला मारण्यासाठी तोट्यात विकण्यास बंदी आहे, पण ती बाजारात वर्चस्व सिद्ध झालेल्या कंपनीपुरती. वर्चस्व मिळेपर्यंत भांडवलाच्या जोरावर तोटा सोसणाऱ्यांना ती लागू पडत नाही. कायद्यातील ही फट बुजवली पाहिजे. चौथी मागणी नगरपालिकेची. मोठ्या दुकानाला परवानगी देण्यापूर्वी बाजारपेठ, रस्ते आणि रोजगार यांवरील परिणामांची उघड चौकशी व्हावी, आणि करमाफी मुळीच असू नये.

एवढ्याने मात्र त्या गृहिणीचे समाधान होणार नाही, कारण तिला स्वस्त माल हवा आहे, आणि तो हक्काने हवा आहे. त्याचे उत्तर कामगार चळवळीने फार पूर्वी शोधले आहे. डिसेंबर १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ माणसांनी, ज्यांत बरेच विणकर होते, आपापली तुटपुंजी रक्कम एकत्र करून पीठ, लोणी, साखर आणि ओटाचे पीठ विकणारे दुकान काढले. माल शुद्ध, व्यवहार रोखीचा, आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. महाराष्ट्रात १९४८ साली मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांमधून जे सहकारी दुकान उभे राहिले ते पुढे 'अपना बाजार' या नावाने वाढले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानाचाच खर्च वाचवला: शेजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक भावाने आणून आपसांत वाटून घ्यायचा. नोकराचा पगार न कापता आणि उत्पादकाचा गळा न आवळता भाव उतरू शकतो, याचा हा घरचा पुरावा आहे.

सहकारी भांडारांपैकी बरीच बंद पडली, हे येथे लपवण्याचे कारण नाही. काही संचालकांच्या सोयरेधायऱ्यांनी बुडाली, काही सरकारी अनुदानाच्या सवयीने, आणि काही केवळ आळसाने. त्याचा दोष सगळाच भांडवलदारांच्या माथी मारता येणार नाही. गणकयंत्राची नोंद, गोदामाची शिस्त आणि ट्रकचे वेळापत्रक ही वॉल्टनची मिरासदारी नाही. ती सहकारानेही शिकता येतात. जेथे सभासद हिशेब विचारतात तेथे संस्था टिकतात, जेथे विचारत नाहीत तेथे त्या मरतात.

या अभ्यासवर्गाला आलेल्या प्रत्येक शाखेने परत गेल्यावर एक काम करावे. आपल्या गावातील मोठी दुकाने किती, गोदामे किती, त्यांत माणसे किती, पगार काय, तास किती, निधी कापला जातो की नाही, आणि गेल्या पाच वर्षांत बाजारपेठेतली किती दुकाने बंद झाली, याची घरोघर आणि दुकानोदुकानी फिरून नोंद करावी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. वही, पेन्सिल आणि चार संध्याकाळी पुरतात. ती वही हाती असेल तर त्या गृहिणीशी वाद घालण्याची पाळी येणार नाही. तिच्यासमोर हिशेब मांडता येईल: बाई, तुमचे इतके वाचले, ते खरे, ते इतके तुमच्या शेजारणीच्या मुलाच्या पगारातून आले, आणि इतके तुमच्याच करातून. हिशेब तिला कळतो. घर ती हिशेबावरच चालवते.